काळ्या कातळासाठी इन्फ्रारेड

होया कंपनीचा आर-७२ हा इन्फ्रारेड फिल्टर पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा ती नुसती काळी काच वाटली. दिव्यासमोर धरल्यावर पलीकडे गडद लाल ठिपका दिसला, बाकी काही नाही. साधारण ७२० नॅनोमीटर आणि त्यापुढच्या, म्हणजे लालच्या पलीकडच्या इन्फ्रारेड लहरी तेवढ्या तो आत सोडतो. डोळ्याला दिसणारा जवळजवळ सगळा उजेड बाहेरच ठेवतो. विकत घेण्याआधी एक घरगुती परीक्षा करून पाहिली होती. टीव्हीचा रिमोट लेन्ससमोर धरून बटण दाबलं, तर रिमोटच्या टोकाचा इन्फ्रारेड दिवा कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फिकट जांभळा चमकला. म्हणजे माझ्या साध्या डीएसएलआरमध्ये इन्फ्रारेड थोडंफार पोचत होतं. थोडंफारच, कारण डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढे इन्फ्रारेड अडवणारी काच कंपनीतूनच बसवून येते. सिलिकॉनच्या सेन्सरला साधारण ११०० नॅनोमीटरपर्यंतचा उजेड जाणवतो, तो अडवला नाही तर रोजच्या फोटोंचे रंग बिघडतात. आता लेन्सवर दिसणारा उजेड अडवणारी काच, आत न दिसणारा अडवणारी काच, आणि दोन्हींमधून जे काही झिरपेल त्यावर फोटो काढायचा. भर दुपारच्या उन्हात, आयएसओ ४०० वर, एफ/५.६ ला वीस-पंचवीस सेकंद शटर उघडं ठेवावं लागायचं.

यात घाई चालत नाही. फिल्टर लावला की व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार. म्हणून आधी ट्रायपॉड, मग फ्रेम, मग फोकस, मग ऑटोफोकस बंद, आणि शेवटी श्वास रोखून फिल्टर फिरवत बसवायचा, फोकसची रिंग तसूभरही हलू न देता. त्यातून इन्फ्रारेडचा फोकस दिसणाऱ्या उजेडापेक्षा जरा वेगळ्या जागी पडतो. जुन्या मॅन्युअल लेन्सांवर त्यासाठी लाल खूण असायची. आजच्या बहुतेक लेन्सांवर ती नसते. मग अ‍ॅपर्चर बारीक करून एफ/८ ला जायचं आणि डेप्थ ऑफ फील्डवर, म्हणजे फोकसच्या पुढेमागे जेवढं स्पष्ट येतं त्यावर, भरवसा ठेवायचा, म्हणजे शटरचा वेळ दुप्पट. फोटो झाला की तेवढाच वेळ कॅमेरा शटर मिटून आणखी एक काळा फोटो घेतो आणि त्यात दिसणारे तापलेले पिक्सेल पहिल्यातून वजा करतो. तोवर ढग पुढे गेलेला असतो.

भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या टोकाला रतनवाडी आहे, तिथल्या अमृतेश्वर मंदिरापाशी मी याच पद्धतीने काम करत होतो. वारा होता. इतक्या लांबलचक एक्स्पोजरमध्ये झाडं पिंजलेल्या कापसासारखी झाली, पान म्हणून वेगळं काही उरलं नाही. पण मंदिराचा दगड! शिलाहारकाळातलं ते काम, प्रत्येक सांधा, शिखरावरची नक्षी, झिजलेल्या कडा, सगळं काळंभोर आणि धारदार. दगडावर जिथे शेवाळ धरलं होतं तिथे उजळ पट्टे उठले होते. साध्या डोळ्यांना ते शेवाळ दगडातच मिसळून गेलेलं दिसत होतं. घरी आल्यावर मी त्या फोटोतली झाडं झाकून फक्त दगड बघत बसलो. इन्फ्रारेड म्हटलं की लोक पांढऱ्या झाडांच्या मागे लागतात. मला कातळाने ओढलं ते तिथपासून.

हे का होतं ते एकदा समजून घेतलं की पुढचं शूटिंग निम्मं सोपं होतं. पानातलं हरितद्रव्य लाल आणि निळा उजेड खातं, हिरवा काही प्रमाणात परतवतं. ७०० नॅनोमीटरच्या पुढे मात्र त्याची भूक संपते. तिथे ते जवळपास पारदर्शक असतं. मग उजेड पानाच्या आतल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या यांच्यावर आपटत राहतो आणि त्यातला निम्म्याच्या आसपास बाहेर फेकला जातो. रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९१० मध्ये असे फोटो प्रसिद्ध केले, म्हणून याला वुड इफेक्ट म्हणतात. याच गुणधर्मावर उपग्रह पिकं ओळखतात. इस्रोचा आयआरएस-१ए १९८८ मध्ये वर गेला तेव्हा त्याच्या कॅमेऱ्यांत इन्फ्रारेडचा एक पट्टा होताच. आणि एक गैरसमज जाता जाता दूर करतो: यात उष्णता दिसत नाही. माणसाच्या अंगाची ऊब टिपणारे थर्मल कॅमेरे ८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यात काम करतात, म्हणजे माझ्या फिल्टरच्या दहापटीहूनही लांबच्या लहरींवर. "अंधारात वाघ दिसेल का यातून?" असं विचारणाऱ्यांची मी दरवेळी निराशा करतो.

आता बेसाल्ट. तो दिसणाऱ्या उजेडात काळा, इन्फ्रारेडमध्येही काळाच. कोकणातला जांभा असा वागत नाही. लोहाच्या गंजाचा तो तांबूस दगड ७२० च्या आसपास चांगलाच उजळतो आणि त्याच्यावरचं गवत व तो एकमेकांत मिसळतात. घाटमाथ्यावर मात्र निसर्गाने ही विद्या शिकवायला डोंगरच मांडून ठेवलेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक थरांनी पसरला. टणक थराचा उभा कडा, मऊ थराचा झिजून झालेला पदर, पुन्हा कडा, पुन्हा पदर. पदरावर माती, मातीवर कारवी आणि रान. पावसाळ्यानंतर रंगीत फोटोत हे सगळं हिरवट-काळपट एकजीव दिसतं. इन्फ्रारेडमध्ये पदर उजळतात, कडे काळे राहतात, आणि डोंगर कुठल्या थरांचा बनलाय ते बोट ठेवून मोजता येतं. भूगोलाच्या पुस्तकात ज्याची आकृती काढून दाखवतात, ते समोर उभं. सह्याद्रीत इन्फ्रारेड काढायचं तर यासाठी, असं माझं ठाम मत आहे.

पण डोंगराच्या माथ्यावर पंचवीस-पंचवीस सेकंद उभं राहणं शक्य नव्हतं. वाऱ्याने ट्रायपॉड थरथरतो. म्हणून जुना कॅमेरा बदलून घेतला: कारागिराने सेन्सरपुढची मूळ काच काढून त्या जागी ७२० नॅनोमीटरची काच बसवली. हे काम घरी करायच्या फंदात पडू नये. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठलेले असतात आणि बॅटरी काढली तरी ते लगेच जात नाहीत. बदललेला कॅमेरा एरवीच्या फोटोंना निकामी होतो, हे मान्य करूनच तो द्यायचा. मोबदल्यात फिल्टर सेन्सरवर गेल्यामुळे व्ह्यूफाइंडर पुन्हा उजळला आणि आयएसओ २०० ला, एफ/८ वर, कॅमेरा हातात धरून फोटो निघू लागले. ८५० ची काच घ्यावी का, यावर बराच घोळ घातला. तिच्यातून थेट कृष्णधवल निघतं. तिन्ही रंगांचे पिक्सेल तिथे जवळजवळ सारखंच वागतात. मी ७२० वर थांबलो, कारण तिथे लाल आणि निळ्या चॅनलमध्ये थोडा फरक शिल्लक राहतो आणि पुढे कॉम्प्युटरवर तो फार उपयोगी पडतो.

लेन्स तपासणं हे वेगळं प्रकरण. रंगीत फोटोंना नावाजलेली लेन्स इन्फ्रारेडमध्ये ऐनवेळी दगा देऊ शकते. मधोमध एक फिकट गोल डाग येतो, आणि अ‍ॅपर्चर जितकं बारीक तितका तो ठसठशीत. लेन्सच्या आतल्या लेपांनी इन्फ्रारेडचा विचार केलेला नसतो. माझ्याकडची एक झूम लेन्स त्यामुळे बाद झाली आणि सर्वांत स्वस्त किट लेन्स निर्धोक निघाली. एफ/११ च्या पुढे तसंही जात नाही. लहर लांब असल्यामुळे विवर्तन, म्हणजे बारीक भोकातून जाताना उजेडाचं पसरणं, लवकर सुरू होतं आणि कड्याची धार बोथट होते.

पाऊस उघडला की भंडारदऱ्याला जायचं, हे मग ठरूनच गेलं. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य. तेव्हा जलाशय भरलेला, गवत ओलं, हवा धुतलेली आणि आकाशात कापलेले पांढरे ढग असतात. एरवी लँडस्केपवाले पहाटे उठतात, उन्हं चढली की कॅमेरा पिशवीत घालतात. माझा दिवस तिथे सुरू होतो. निवांत नाश्ता करून अकरा वाजता बाहेर पडणारा फोटोग्राफर बघून बरोबरच्यांना हेवा वाटतो. पानांवर थेट ऊन पडल्याशिवाय इन्फ्रारेड रंगत नाही, आणि सावलीचं गणित तर अगदी निराळं असतं. साध्या फोटोत सावलीला आकाशाचा निळा उजेड भरून काढतो. इन्फ्रारेडमध्ये आकाश देतं ते अगदी थोडं, कारण हवेचे रेणू लांब लहरी फारच कमी विखुरतात. त्याच कारणाने निळं आकाश काळं येतं. सावली मग विहिरीसारखी खोल जाते. रतनवाडीतून रतनगड दक्षिणेच्या अंगाला. ऑक्टोबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला, त्यामुळे दुपारी गडाची वाडीकडची बाजू अंधारात. तो सकाळी नऊ-साडेनऊला, पूर्वेचं ऊन खुट्यावर, म्हणजे गडाच्या सुळक्यावर, आणि कड्यावर तिरकं असताना काढायचा. दुपारी मात्र तोंड उत्तरेकडे फिरवायचं. पाण्यापलीकडे कळसूबाईची रांग, पाठीशी सूर्य, १६४६ मीटरचं ते शिखर आणि त्याच्या खालचे पदर एकाखाली एक.

लांबचं धुरकट इन्फ्रारेड कापून काढतं, हे खरं. रंगीत फोटोत निळसर पुसट झालेली रांग इथे कडक रेषांनी उमटते. धुक्याचं मात्र तसं नाही. धुक्याचे थेंब या लहरींपेक्षा खूप मोठे असतात. दिसणारा असो की न दिसणारा, उजेड त्यांच्यापुढे सारखाच हतबल. जुलैत भंडारदऱ्याजवळच्या घाटघरला "इन्फ्रारेडमधून दरी दिसेल" म्हणून जाणाऱ्याला धुक्याचाच फोटो मिळेल.

पाणी इन्फ्रारेड गिळतं, म्हणून जलाशय काळा येतो. ओढा जिथे गाळ घेऊन मिळतो तिथे काळ्यात राखाडी जीभ दिसते. तीही मला आवडते, पाणी कुठून येतंय ते तिच्यावरून कळतं. काही गोष्टी मात्र हातच्या जातात. सप्टेंबरात सोनकी फुलते तेव्हा उतार पिवळे होतात. इन्फ्रारेडला फूलही उजळ आणि पानही उजळ, अख्खा सोहळा गायब. बरोबरच्या मित्राचा काळा टी-शर्ट राखाडी-पांढरा निघाला, कारण कापडाचा रंग या लहरींना अडवतच नव्हता. चेहरे गुळगुळीत, डोळे गडद, जरा भुतासारखे. माणसं म्हणूनच मी फ्रेममध्ये फार लांब ठेवतो.

एक्स्पोजरसाठी कॅमेऱ्याच्या मीटरवर विसंबता येत नाही. डीएसएलआरमधला मीटर दिसणाऱ्या उजेडावर चालतो आणि त्या उजेडाशी इन्फ्रारेडचं प्रमाण वेळेनुसार, ढगानुसार बदलत राहतं. लाइव्ह व्ह्यूमध्ये सेन्सरच मोजमाप करतो, फोकसही त्यावरच नेमका लागतो. हिस्टोग्राममध्ये, म्हणजे उजेडाच्या आलेखात, तिन्ही रंग वेगळे बघायचे. लाल सगळ्यांत आधी जळतो. फोटो अर्थातच रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये. उन्हातल्या हिरव्या गवतावर कस्टम व्हाइट बॅलन्स घेतला नाही तर स्क्रीनवर सगळं लालभडक दिसतं आणि फ्रेममधला तोल कळत नाही.

निम्म्याहून जास्त काम घरी. लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये व्हाइट बॅलन्सच्या तापमानाची पट्टी २००० केल्व्हिनवर अडते आणि फाइल लालच राहते. त्यासाठी वेगळं कॅमेरा प्रोफाइल बनवावं लागतं. मी डार्कटेबल वापरतो, तिथे पानांचा एक चौकोन निवडला की व्हाइट बॅलन्स सरळ बसतो. फाइल उघडल्यावर मिळतं ते निराश करणारं असतं: तपकिरी आकाश, किंचित निळसर झाडं, सगळं चपटं. पण या तपकिरी-निळसर फरकातच किल्ली आहे. आकाश लाल चॅनलमध्ये उजळ आणि निळ्यात गडद असतं. कृष्णधवल करताना निळ्याचं वजन वाढवलं की आकाश खाली जातं, लालचं वाढवलं की वर येतं. निळ्या चॅनलमध्ये दाणे जास्त, म्हणून हाव करून चालत नाही. गिम्प या सॉफ्टवेअरमधला मोनो मिक्सरही हेच करतो.

आकाश पूर्ण काळं करायचा मोह आवरणं अवघड जातं. पण डोंगराचा कडा काळा, पाणी काळं आणि आकाशही काळं झालं तर तिघांना एकमेकांपासून वेगळं कोण करणार? माझ्या फोटोत सगळ्यांत गडद जागा कातळाची. आकाश त्याच्यापेक्षा एक पायरी वर, पाणी दोघांच्या मध्ये. आणि झाडं पांढरी ठेवायची नाहीत. ० ते २५५ च्या मापात पानं १८० ते २०० च्या आसपास उतरवतो. २४० च्या वर फक्त ढगांच्या कडा. "काश्मीर का हे?" हा प्रश्न या एका बदलाने बंद झाला. पदर मग बर्फाचे वाटत नाहीत, उन्हात भिजलेल्या रानाचे वाटतात.

इथून पुढे हाताचं काम. १६ बिटची टिफ फाइल गिम्पमध्ये नेऊन, मऊ ब्रशने एकेक कडा थोडा उजळ, थोडा गडद. आठ बिटमध्ये हे केलं तर गडद आकाशात पट्टे उठतात. कड्यात लाव्ह्याचे थर जिथे सांधतात त्या रेषा मी जरा वर काढतो. घळी तशाच सोडतो, त्यात बघण्यासारखं काही नसतं. शार्पनिंग डोंगरमाथ्याच्या रेषेवर कमी ठेवायचं, नाहीतर काळ्या आकाशाला लागून पांढरी किनार उमटते आणि फोटो स्वस्त दिसू लागतो. काहीजण शेवटी झाडांना धूसर तेज देतात. कोडॅकची एचआयई नावाची इन्फ्रारेड फिल्म २००७ मध्ये बंद झाली. तिच्यात उजेडाचं परावर्तन रोखणारा थर नव्हता, त्यामुळे उजळ भागांभोवती आपोआप प्रभा पसरायची. फिल्मची ती प्रकृती होती. सॉफ्टवेअरने वरून शिंपडलेली प्रभा मला पावडर लावल्यासारखी वाटते, आणि कातळाच्या फोटोला तर ती सोसतच नाही.

प्रिंटसाठी आधी सुती मॅट कागद घेतला. हाताला छान, डोळ्याला छान, पण मॅट कागदावर काळा पुरेसा खोल जात नाही. कडा, आकाश आणि पाणी यांच्यात इतक्या कष्टाने ठेवलेल्या पायऱ्या तिथे एक झाल्या. किंचित चकाकी असलेल्या बरायटा कागदावर त्या उघडल्या. १२ बाय १८ इंचाची प्रिंट, कळसूबाईच्या रांगेची, मोजायची तर थर मोजता येतात अशी.

रतनवाडीत ज्यांच्या घरी उतरतो त्या मामांना पुढच्या वेळी एक प्रिंट नेऊन दिली. त्यांच्या पडवीसमोरून काढलेली: पुढे खाचरं, मागे गड. त्यांनी ती उंबऱ्यात उजेडाला धरली. कडे ओळखले, खुट्याजवळची वाट बोटाने दाखवली, कुठल्या पदरात पूर्वी गुरं न्यायचे ते सांगितलं. रंगीत फोटोत हे इतकं स्वच्छ दिसलं नसतं म्हणाले, आणि मी फुशारलो. मग बोट खाली आलं.

"ह्यात भात कुठंय, दादा?"

खाचरात तेव्हा एकीकडे हळवं भात पिकून पिवळं झालं होतं, दुसरीकडे गरवं अजून हिरवं होतं. प्रिंटमध्ये दोन्ही एकाच राखाडी रंगाचं पटांगण. मी समजावायला लागलो तसे मामा म्हणाले, डोंगर काय कुठं जात नाही, भात आता महिन्यात कापणार. जाताना मोबाइलवर खाचरांचा साधा रंगीत फोटो काढला आणि तोही मोठा करून पाठवतो म्हणालो. दोन्ही आता त्यांच्या पडवीत शेजारी शेजारी आहेत, रंगीत जरा मोठ्या फ्रेममध्ये.